डॉली नावाची मेंढी

आंब्याचे कलम बांधणे माळ्याला सहज जमते. मग प्राण्याचे 'कलम' का करता येत नाही? सस्तन प्राण्याची प्रतिकृती घडवताना शास्त्रज्ञांपुढे कोणत्या अडचणी आल्या, त्यांनी त्या कशा ओलांडल्या आणि कोणत्या अडचणी अजून शिल्लक आहेत, याची माहिती या पाठात दिली आहे.

मेंढी हा एक गरीब, साधा प्राणी. कळपातली एक मेंढी दुसरीपासून वेगळी ओळखणे मेंढपाळाखेरीज कोणाला जमत नाही. पण एका मेंढीचे नाव मात्र साऱ्या जगाला ठाऊक झाले. तिचे नाव डॉली. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहराजवळ रोझलिन नावाचे गाव आहे. तेथील संशोधन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी डॉलीचा जन्म झाला. काही महिने ही बातमी गुप्त ठेवण्यात आली. फेब्रुवारी १९९७ मध्ये ती जाहीर झाली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत या कोकराचे छायाचित्र झळकले.

असे काय होते या कोकरात? दिसायला ते चारचौघांसारखेच होते. पण ते नेहमीच्या रीतीने जन्मलेले नव्हते. एका पूर्ण वाढलेल्या मेंढीच्या शरीरातील एका पेशीपासून ते घडवले होते. म्हणजे डॉली त्या मेंढीची मुलगी नव्हती; ती तिची प्रतिकृती होती. जणू वयाने कितीतरी लहान असलेली जुळी बहीणच!

विद्यार्थी मित्रांनो, प्रतिकृती ही गोष्ट निसर्गाला नवीन नाही. हापूस आंब्याची कोय रुजवली, तर त्या झाडाला हापूसच येईल याची खात्री नसते. म्हणून बागायतदार कलम बांधतो. कलमाची फांदी मूळ झाडाचाच अंश असल्यामुळे फळही तसेच येते. उसाची कांडी जमिनीत पुरली की तसाच ऊस उगवतो. गुलाबाची फांदी खोचली की तोच गुलाब फुलतो. 'कलम' हा शब्द उर्दूतही आहे. लेखणीला आपण कलम म्हणतो आणि झाडाची कापून लावलेली फांदी हीसुद्धा कलमच. गंमत अशी, की 'क्लोन' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचाही अर्थ डहाळी असाच आहे.

मग प्रश्न असा, की झाडाला जे जमते ते मेंढीला का जमत नाही? मेंढीचा कान जमिनीत पुरून काही मेंढी उगवत नाही! याचे उत्तर पेशीत आहे.

प्रत्येक प्राण्याच्या शरीराची सुरुवात एका पेशीपासून होते. तिच्या दोन पेशी होतात, दोनच्या चार, चारच्या आठ, आणि असे वाढत वाढत संपूर्ण शरीर तयार होते. बहुतेक पेशींमध्ये केंद्रक असते. शरीर कसे घडवावे याच्या साऱ्या सूचना त्यात असतात. केंद्रक म्हणजे एक जाडजूड ग्रंथ आहे असे समजा. सुरुवातीला ग्रंथाची सगळी पाने मोकळी असतात. पुढे पेशी वाटून घेतलेल्या कामाला लागतात. काही पेशी त्वचेच्या होतात, काही स्नायूंच्या, काही कासेच्या. त्वचेची पेशी ग्रंथातील त्वचेची पाने उघडी ठेवते आणि बाकीची पाने जणू खळ लावून चिकटवून टाकते. पाने फाडलेली नसतात, पण वाचताही येत नाहीत. चिकटलेली ही पाने पुन्हा सुटी करता येतील का? हाच खरा प्रश्न होता.

त्याचे पहिले उत्तर बेडकाने दिले. १९५२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट ब्रिग्ज आणि थॉमस किंग यांनी बेडकाच्या अंडपेशीतील केंद्रक काढून टाकले. त्याजागी बेडकाच्या कोवळ्या भ्रूणातील पेशीचे केंद्रक बसवले. त्यातून भ्रूणाची नीट वाढ झाली. पुढे इंग्लंडमध्ये जॉन गर्डन यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक घेतले. आतड्याची पेशी म्हणजे आपले काम ठरवून बसलेली पेशी. तरीही तिच्या केंद्रकातून पुरा बेडूक तयार झाला! हे गर्डन शाळेत असताना जीवशास्त्रात वर्गाच्या अगदी शेवटी होते. या मुलाने शास्त्रज्ञ होण्याचा विचार करणे हास्यास्पद आहे, असा शेरा त्यांच्या प्रगतिपुस्तकात होता. त्यांनी तो कागद जपून ठेवला. २०१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

बेडकावर जे साधले ते सस्तन प्राण्यावर साधायला मात्र आणखी अनेक वर्षे लागली. १९८४ मध्ये उंदरांवर प्रयोग करणाऱ्या दोन शास्त्रज्ञांनी तर निष्कर्ष काढला, की नुसते केंद्रक बदलून सस्तन प्राण्याची प्रतिकृती करणे अशक्य आहे. दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, स्टीन विलाडसेन यांनी मेंढीच्या अगदी कोवळ्या भ्रूणातील पेशी वापरून कोकरे जन्माला घातल्याचे जाहीर केले. पण कोवळ्या पेशीची पाने अजून चिकटलेली नसतात. पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या पेशीचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. रोझलिनच्या संस्थेतील इयान विल्मट, कीथ कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो हाती घेतला. त्यांच्या वाटेत कोणकोणते अडथळे होते ते आता क्रमाने पाहू.

पहिला अडथळा अंडपेशीचा. बेडकाची अंडी पाण्यात ढिगाने मिळतात. त्यातले एकेक अंडे एक मिलिमीटरपेक्षा मोठे असते; ते नुसत्या डोळ्यांनी दिसते. मेंढीची अंडपेशी मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढी असते. शिवाय ती मेंढीच्या पोटात असते आणि एका वेळी मोजक्याच अंडपेशी तयार होतात. त्या मिळवण्यासाठी मेंढीला औषधे द्यावी लागतात आणि नेमकी वेळ साधून त्या बाहेर काढाव्या लागतात.

दुसरा अडथळा अंडपेशीतील केंद्रकद्रव्य काढण्याचा. सूक्ष्मदर्शकाखाली एका काचेच्या नळीने अंडपेशी हलकेच ओढून धरतात. दुसऱ्या, त्याहून बारीक नळीने तिला टोचून आतील केंद्रकद्रव्य शोषून घेतात. हे द्रव्य साध्या उजेडात दिसत नाही. त्यासाठी विशिष्ट रंग आणि अतिनील किरणांचा उपयोग करतात. हात किंचित हलला तरी अंडपेशी फुटते. केंद्रकद्रव्य कमी निघाले तर प्रयोग फसतो आणि त्यासोबत इतर द्रव जास्त निघाला तरीही फसतो.

तिसरा अडथळा वेळेचा. पेशी सतत वाढत आणि विभागत असते. अंडपेशीचेही आपले एक वेळापत्रक असते. दोघींची वेळ जुळली नाही, तर केंद्रकातील सूचनांची नक्कल चुकीची होते आणि भ्रूण बिघडतो. कॅम्पबेल यांनी यावर एक युक्ती शोधली. प्रयोगशाळेत पेशी वाढवताना त्यांना रक्तजल हे अन्न दिले जाते. कॅम्पबेल यांनी पाच दिवस ते फारच थोडे दिले. उपाशी पेशींनी विभागणे थांबवले आणि त्या जणू झोपी गेल्या. अशा शांत झालेल्या पेशीचे केंद्रक अंडपेशीशी चांगले जुळते, असे दिसून आले. डॉलीच्या यशातला हा सर्वांत मोलाचा भाग मानला जातो.

चौथा अडथळा जोडणीचा. ज्या मेंढीची प्रतिकृती करायची होती, ती फिन डॉर्सेट जातीची, पांढऱ्या तोंडाची, सहा वर्षांची मेंढी होती. डॉलीच्या जन्मापूर्वीच ती मेली होती, पण तिच्या कासेच्या पेशी गोठवून जपून ठेवलेल्या होत्या. अंडपेशी मात्र स्कॉटिश ब्लॅकफेस या काळ्या तोंडाच्या जातीच्या मेंढ्यांकडून घेतल्या. कासेची एक पेशी केंद्रक काढलेल्या अंडपेशीला चिकटवून ठेवली आणि विजेचा सौम्य झटका दिला. त्या झटक्याने दोन कामे झाली. दोन्ही पेशी एकजीव झाल्या आणि अंडपेशी जागी होऊन विभागू लागली. एरवी तिला जागे करण्याचे काम नराची शुक्रपेशी करते.

पाचवा अडथळा सर्वांत मोठा. चिकटलेली पाने सुटी करण्याचे काम त्या वेळी माणसाला करता येत नव्हते. ते अंडपेशीच करते. तिच्या द्रवात असे पदार्थ असतात, की ते नव्या केंद्रकाचा जुना धडा पुसून त्याला पहिल्यापासून सुरुवात करायला लावतात. पण यासाठी तिला फार थोडा वेळ मिळतो. काही पाने चिकटलेलीच राहतात, काही नको तेव्हा उघडतात. बहुतेक भ्रूण याच टप्प्यावर नष्ट होतात. शास्त्रज्ञाच्या हाती वाट पाहण्याखेरीज फारसे काही राहत नाही.

आता आकडे पाहा. कासेच्या पेशी आणि अंडपेशी यांच्या एकूण २७७ जोड्या एकजीव झाल्या. त्या काही दिवस मेंढ्यांच्या अंडनलिकेत वाढू दिल्या. त्यातून फक्त २९ भ्रूण नीट वाढलेले आढळले. ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयात ठेवले. त्या १३ मेंढ्यांपैकी एकीलाच कोकरू झाले. ती डॉली! काळ्या तोंडाच्या मेंढीच्या पोटी पांढऱ्या तोंडाचे कोकरू आले, तेव्हा प्रयोग साधला हे पाहताक्षणीच कळले.

तरीही काही शास्त्रज्ञांनी शंका घेतली. कासेच्या पेशी घेतल्या तेव्हा ती मेंढी गाभण होती. मग एखादी पेशी पोटातल्या पिल्लाची तर नसेल? शंका रास्त होती. म्हणून इतर प्रयोगशाळांनी डॉलीच्या पेशी तपासल्या. १९९८ मध्ये निकाल आला. डॉली त्या सहा वर्षांच्या मेंढीचीच प्रतिकृती होती. विज्ञानात एकाच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. दुसऱ्याने पारखून घेतलेलेच खरे मानले जाते.

भ्रूण गर्भाशयात रुजला म्हणजे सारे झाले असे नाही. प्रतिकृतीच्या पिल्लांच्या बाबतीत वार नीट तयार न होणे ही नेहमीची अडचण असते. वारेतूनच पिल्लाला अन्न आणि प्राणवायू मिळतो. काही पिल्ले पोटात अवाजवी मोठी होतात. त्यामुळे आईचाही जीव धोक्यात येतो. काही जन्मतात, पण त्यांची फुप्फुसे किंवा हृदय कमजोर असते. स्पेनच्या डोंगरांत बुकार्डो नावाची रानशेळी होती. त्या जातीची शेवटची मादी जानेवारी २००० मध्ये मेली. तिच्या जपून ठेवलेल्या पेशींपासून २००३ मध्ये एक पिल्लू जन्माला आले. पण त्याच्या फुप्फुसात दोष होता. काही मिनिटांतच ते गेले. नाहीशी झालेली एक जात काही मिनिटांसाठी परत आली आणि पुन्हा नाहीशी झाली.

डॉली मात्र वाढली. तिला एकूण सहा कोकरे झाली आणि ती सर्व नेहमीच्या रीतीने झाली. तिला पुढे संधिवात झाला. नंतर फुप्फुसात गाठ आढळली आणि १४ फेब्रुवारी २००३ रोजी तिला वेदनारहित मरण देण्यात आले. तेव्हा ती साडेसहा वर्षांची होती. प्रतिकृती लवकर म्हातारी होते असे तेव्हा अनेकांना वाटले. पण तिची गाठ मेंढ्यांमध्ये आढळणाऱ्या एका विषाणूमुळे झाली होती. पुढे कासेच्या त्याच पेशींपासून आणखी चार मेंढ्या घडवण्यात आल्या. २०१६ मध्ये त्यांची तपासणी झाली, तेव्हा त्या सात ते नऊ वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या वयाला शोभेल इतक्या निरोगी होत्या.

प्रत्येक जातीच्या प्राण्याची अडचण वेगळी असते. कुत्रीची अंडपेशी अंडाशयातून बाहेर पडते तेव्हा कच्ची असते. ती पिकेपर्यंत थांबून मगच घ्यावी लागते. २००५ मध्ये दक्षिण कोरियात स्नपी नावाचे पहिले कुत्रे असे जन्मले. त्यासाठी १२३ कुत्र्यांच्या माद्यांमध्ये १,०९५ भ्रूण ठेवावे लागले होते. या गटाचे प्रमुख ह्वांग वू-सुक यांनी मानवी भ्रूणाबद्दलही मोठे दावे केले होते. पण तपासात ते खोटे ठरले. नाव, मान, पद सारे गेले. स्नपीची मात्र वेगळी तपासणी झाली आणि तो खरा ठरला.

माकडाने तर शास्त्रज्ञांना फार वर्षे दाद दिली नाही. डॉलीनंतर वीस वर्षांहून अधिक काळ गेल्यावर, २०१७ च्या अखेरीस, चीनमधील शांघाय येथे झोंग झोंग आणि हुआ हुआ ही माकडाची पिल्ले जन्मली. तेथील शास्त्रज्ञांनी पाने सुटी करायला मदत करणारी दोन द्रव्ये अंडपेशीला दिली होती. तरी हे यश गर्भातील पेशी वापरून मिळाले. मोठ्या माकडाच्या पेशींपासून त्या वेळी जी दोन पिल्ले जन्मली, ती जगली नाहीत.

आपल्या देशातही या क्षेत्रात मोठे काम झाले आहे. हरियाणातील कर्नाल येथे राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी म्हशीवर प्रयोग केले. महागड्या यंत्राऐवजी त्यांनी हाताने बारीक पाते धरून अंडपेशीतील केंद्रकद्रव्य कापून काढण्याची पद्धत वापरली. त्यासाठी लागणाऱ्या अंडपेशी कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतून मिळवल्या. ६ फेब्रुवारी २००९ रोजी पहिले रेडकू जन्मले. त्याचे नाव समरूपा. पण न्यूमोनियामुळे ते काही दिवसांतच दगावले. शास्त्रज्ञ थांबले नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये गरिमा जन्मली. ती दोन वर्षांहून अधिक जगली. २०१० मध्ये गरिमा-२ जन्मली आणि जानेवारी २०१३ मध्ये तिला महिमा नावाचे रेडकूही झाले.

कर्नाल येथे हे तंत्र शिकलेले डॉ. रियाझ अहमद शाह पुढे श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठात काम करू लागले. पश्मिना शाल जिच्या लोकरीपासून विणतात, त्या शेळीची प्रतिकृती त्यांच्या गटाने घडवली. ९ मार्च २०१२ रोजी ती जन्मली. तिचे नाव ठेवले नूरी. नूर म्हणजे प्रकाश, हे तुम्हांला सांगायला नकोच!

हे सर्व कशासाठी? भरपूर दूध देणारी म्हैस एकच असते. तिच्यासारख्या अनेक मिळाल्या तर शेतकऱ्याचा फायदा होईल. नाहीसे होत चाललेले प्राणी वाचवता येतील. अमेरिकेत २०२० मध्ये काळ्या पायांच्या फेरेट या दुर्मीळ प्राण्याची अशीच प्रतिकृती जन्मली. तिच्या पेशी तीस वर्षांहून अधिक काळ गोठवलेल्या होत्या. डॉलीमुळे शास्त्रज्ञांना आणखी एक धडा मिळाला. मोठ्या प्राण्याच्या पेशीतील चिकटलेली पाने सुटी होऊ शकतात. जपानच्या शिन्या यामानाका यांनी पुढे अंडपेशीशिवायच ते करून दाखवले. २०१२ चे नोबेल गर्डन यांच्याबरोबर त्यांनाही मिळाले.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. प्रतिकृती म्हणजे तोच प्राणी नव्हे. २००१ मध्ये अमेरिकेत एका तिरंगी मांजरीची प्रतिकृती जन्मली. तिच्या अंगावर मूळ मांजरीचे नारिंगी पट्टे नव्हतेच! केसांचे रंग कोठे उमटावेत हे गर्भात वाढताना ठरते. ते केवळ केंद्रकात लिहिलेले नसते. मेलेले लाडके मांजर प्रतिकृतीने परत येत नाही. जे येते ते नवे मांजर असते.

मग माणसाची प्रतिकृती करता येईल का? मुले हा प्रश्न हमखास विचारतात. तशी प्रतिकृती जन्मल्याचे आजवर कोणीही पुराव्यानिशी दाखवलेले नाही आणि अनेक देशांत कायद्याने त्याला मनाई आहे. धर्म आणि नीती यांचा विचार तर आहेच. पण नुसते आकडे पाहिले तरी उत्तर मिळते. एका डॉलीमागे २७६ जोड्या वाया गेल्या. वाया गेलेले ते भ्रूण, पोटात दगावलेली पिल्ले, जन्मून काही मिनिटांत गेलेले बुकार्डोचे पिल्लू यांच्या जागी माणसाची बाळे आहेत असे क्षणभर समजा. कोणती आई हा प्रयोग आपल्या पोटी होऊ देईल? करता येणे आणि करणे योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डॉली आज एडिंबराच्या संग्रहालयात आहे. तिच्या शरीरात पेंढा भरून तिला काचेच्या कपाटात उभे केले आहे. शाळेची मुले येतात, तिच्याकडे पाहतात. इतर मेंढ्यांपेक्षा तिच्यात काही निराळे दिसत नाही. निराळे होते ते तिच्यामागचे कष्ट, आणि पुन्हा पुन्हा फसूनही न सोडलेली चिकाटी.

शब्दार्थ

प्रतिकृती – हुबेहूब नक्कल
सस्तन प्राणी – पिल्लांना दूध पाजणारे प्राणी
भ्रूण – गर्भाची अगदी सुरुवातीची अवस्था
कास – दूध देणाऱ्या जनावराची दुधाची जागा
एकजीव होणे – पूर्णपणे मिसळून जाणे
रास्त – योग्य
अवाजवी – प्रमाणाबाहेर
दाद न देणे – वश न होणे, सहजासहजी साध्य न होणे
दगावणे – मरण पावणे
चिकाटी – काम अर्धवट न सोडण्याचा गुण

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डॉलीचा जन्म कोठे व केव्हा झाला?
(आ) 'क्लोन' या शब्दाचा मूळ अर्थ काय?
(इ) समरूपा कशामुळे दगावली?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने केंद्रकाला ग्रंथाची उपमा का दिली आहे?
(आ) कॅम्पबेल यांनी पेशींना उपाशी का ठेवले?
(इ) डॉलीबद्दल कोणती शंका घेतली गेली? ती कशी दूर झाली?

३. कारणे द्या.
(अ) प्रयोग साधल्याचे कोकरू पाहताक्षणीच कळले.
(आ) प्रतिकृतीने लाडके मांजर परत येत नाही.

४. खालील शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
कलम, नक्कल, फायदा

५. 'करता येणे आणि करणे योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.' या विधानावर तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.